तंबूचे दांडे डाळिंबाला गेले

पाव्हणं, इतक्या वर्षांत आपण एकमेकांना नावानं कधी हाक मारली नाही. दोघी सख्ख्या बहिणी. थोरली मंगलताई तुमच्या घरी दौंडला, धाकटी शोभा माझ्या घरी कवठे येमाईला. म्हणजे आपण साडू. साडूनं साडूला काय म्हणायचं हे कुणी नीट ठरवून दिलेलं नाही. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर तुम्ही पुढं येऊन म्हणालात, “या पाव्हणं, आता दोघं एकाच बोटीत.” मीही उलटून पाव्हणंच म्हणालो आणि ते तसंच राहिलं. तुम्हाला जाऊन महिना होऊन गेला. परवा विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचं काहीतरी विचारायचं होतं म्हणून मोबाइल काढला, तर नंबरापुढं फक्त ‘पाव्हणं’ लिहिलेलं. बोट तिथंच थांबलं. शोभा म्हणाली, “राहू द्या तो नंबर. जागा किती खातोय?”

खरं सांगतो, सुरुवातीला तुम्ही मला आवडला नव्हतात. सासुरवाडीला गेलं की तुम्हाला खुर्ची आणि मला सतरंजी. सासरे तुम्हाला कुरकुंभच्या कंपनीचं विचारायचे, शिफ्ट कुठली, बोनस कधी. आणि मला विचारायचे, पाऊस काय म्हणतोय. तुमच्या पँटची इस्त्री कडक. त्यात तुम्हाला एक सवय होती. ताटात भाकरी आली की आधी नाकाशी न्यायची. टॉवेल दिला की हुंगायचा. चहाचा कप हुंगायचा. मी घरी येऊन शोभाला म्हणालो, “तुझ्या दाजीला आपल्याकडचं काही साफ दिसत नाही वाटतं.” पुढं किती वर्षांनी तुम्हीच सांगितलंत की दिवसभर प्लँटमध्ये केमिकलचा वास घेऊन घेऊन नाकाला दुसरं काही कळेनासं होतं, म्हणून प्रत्येक गोष्ट हुंगून बघायची, नाक जागेवर आहे का ते. तुमच्याबद्दल मी काय काय समजत होतो ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगून टाकतो.

आपलं जुळलं ते तंबूमुळं. तुमच्या घरामागच्या रेल्वे कॉलनीतलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला कायमचं निघालं, तेव्हा त्यांच्यातल्या म्हाताऱ्या इंजिन ड्रायव्हरनं त्याचा तंबू तुम्हाला देऊन टाकला. जाड हिरवट कापड, दोन्ही टोकांना दोन उभे दांडे आणि वरून एक आडवा. लाकडी दांडे, प्रत्येकाचे तीन तुकडे, तुकड्यांच्या टोकांना पितळी टोप्या, एकात एक बसवायच्या. तुम्ही ते सगळं एसटीच्या टपावर टाकून आमच्याकडं आणलंत आणि ओट्यावर बसत म्हणालात, “पाव्हणं, निघोजला जाऊ झोपायला.”

“घर हाय की,” मी म्हणालो. “बाहेर कशाला झोपायचं?”

मी शेतकरी माणूस. बाहेर झोपायचं ते रानडुकरं राखायला नाहीतर वीज आल्यावर पाणी द्यायला. हौसेनं उघड्यावर झोपणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पण दोघी बहिणींनी डबे भरायला घेतले आणि माझं काही चाललं नाही.

निघोजला कुकडीच्या पात्रात ते रांजणखळगे आहेत, तिथून जरा वरच्या अंगाला तुम्ही तंबू ठोकलात. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता तरी तंबूभोवती चर खणायला लावलीत. आपण त्या चरीवरून तासभर भांडलो. सकाळी उठून बघतो तर तुम्ही तंबूच्या दारात मांडी घालून बसलेले, डोळे मिटलेले, नुसता श्वास घेत. मला वाटलं जप चाललाय. मला बघून म्हणालात, “पाव्हणं, इथं हवेला वासच न्हाई.”

“शेणाचा येतोय की चांगला,” मी म्हणालो.

तुम्ही इतके हसलात की हातातला चहा लुंगीवर सांडला. ताई आतून ओरडली, काय झालं म्हणून. तुम्हाला सांगता येईना, हसूच आवरेना. त्या दिवसापासून मला तुमची इस्त्री टोचेनाशी झाली.

मग दरवर्षी एक फेरी ठरली. तुमच्या शिफ्टचं गणित बसलं की तुम्ही फोन करायचे. कधी भीमेचा काठ, कधी घोडचा, एकदा मोराच्या चिंचोलीला, जिथं मोर सोडून सगळं दिसलं. तुमचं घर लहान म्हणून तंबू आमच्या पोटमाळ्यावर राहायचा. आणि तिथंच घोटाळा झाला.

त्या साली डाळिंबाचा बहार असा धरला की फांद्या जमिनीला टेकल्या. दोन फांद्या मोडल्या, फळांसकट. बांबू कमी पडले, गावात कुणाकडं शिल्लक नव्हते. मी पोटमाळ्यावर चढलो आणि तंबूची दांड्यांची पिशवी खाली घेतली. नऊ तुकडे. दोन दोन जोडले की फांदीला बरोबर टेकू बसत होता. मनात म्हटलं, पंधरा दिवसांचं काम, फळ उतरलं की पुसून परत ठेवू. फळ उतरलं, व्यापारी आला, त्याच गडबडीत परतीचा पाऊस लागला. दांडे तिथंच राहिले. मी आठवणीनं बघायला गेलो तेव्हा वाळवीनं आतून पोखरून नुसती साल ठेवली होती. दोन तुकडे बरे होते, तेही मशागतीच्या वेळी ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरखाली गेले.

दिवाळीनंतर तुम्ही तंबू न्यायला आलात. पिशवी हातात घेतलीत, ती सपाट. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. तेवढ्यात मी बोलून गेलो, “मागल्या टायमाला भीमेच्या काठी तुम्हीच विसरलात की. मी म्हणलंबी हुतं, मोजून घ्या म्हणून.”

हे तोंडातून कसं आलं मला आजही कळत नाही. एका वाक्याचं काम होतं, पाव्हणं, चुकलो, डाळिंबाला लावले. तुम्ही काय मला फाशी देणार होतात? पण तुमच्यामागं दिवाळीसाठी आमच्याकडं आलेले सासरे उभे होते, आणि मला ती खुर्ची आणि सतरंजी आठवली असावी. तुम्ही जरा वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिलात आणि म्हणालात, “असंल. विसरलो असंल.”

तिथं ते संपलं असतं तर बरं. पण तुम्ही त्याचा खेळ केलात. कुठं लग्न असो, बारसं असो, चारचौघांत तुम्ही सुरू करायचे, “आमच्या पाव्हण्यांनी तंबूचे दांडे हरवले.” मी म्हणायचो, “मी न्हाई, तुम्ही!” मग लोक वाटून घ्यायचे. कवठ्याची माणसं माझ्या बाजूनं, दौंडची तुमच्या. मेहुण्याच्या हळदीत तर यावरून गाणं म्हणाल्या बायका. बारा वर्षं हे चाललं; दांड्यांवाचून तंबू तुमच्याकडं पडून होता आणि फेऱ्या बंदच. सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि दर वेळी खरं बोलायला आणखी अवघड होत जायचं. ज्या गोष्टीवर सगळं गणगोत हसलंय ती खोटी होती असं सांगायचं तरी कसं?

या वर्षी तुम्ही रिटायर झालात. सत्काराचा नारळ आणि शाल घरी ठेवली आणि दुसऱ्याच सकाळी फोन. “पाव्हणं, आता रजेचा अर्ज न्हाई. दांडं करून घेऊ.”

मी म्हणालो, बांबू कापून देतो. तुम्ही म्हणालात, बांबूला गाठी असतात, कापड फाटतं. अॅल्युमिनियमचा पाइप घ्यायचा, हलका आणि वाळवी लागत नाही. वाळवी हा शब्द तुम्ही सहज उच्चारलात की मुद्दाम, हे मी नंतर पुष्कळ वेळा आठवून पाहिलं. शिक्रापूर दोघांना मधलं पडतं म्हणून तिथं भेटायचं ठरलं. तुम्ही एसटीनं आलात, मी मोटारसायकलवर. हायवेला लागून ते फॅब्रिकेशनचं दुकान, बाहेर ट्रकांची रांग, आत वेल्डिंगच्या ठिणग्या. दुकान चालवणारा रामसजीवन, गोरखपूरकडचा, पण मराठी आपल्यासारखं बोलतो. त्यानं टेप काढला आणि विचारलं, “काका, जुना पीस आणलाय का नापाला?”

“जुना पीस न्हाई,” तुम्ही म्हणालात. “कापडावरनं काढायचं नाप.”

आणि मी शहाणा मधे बोललो. “उभा दांडा साडेपाच फूट. तीन तुकडे, एकेक तुकडा बावीस इंच.”

रामसजीवननं खडूनं फरशीवर लिहून घेतलं. तुम्ही माझ्याकडं बघत होतात. आवाज अगदी हळू, तोंडावर हसू. “लई चोख ध्यानात हाय की, पाव्हणं. दोन तुकडं जोडलं की चव्वेचाळीस इंच. डाळिंबाच्या फांदीला बरोबर येतंय, व्हय ना? चार टेकू झालं असत्याल, आन् एक तुकडा उरला असंल.”

तुम्ही पुढं म्हणालात, “पितळी टोपी उन्हात चमकती. लांबनं दिसती. त्या साली गणपतीत आलो हुतो मी, सकाळी बागेत चक्कर मारली हुती.”

म्हणजे दिवाळीनंतर माझ्याकडून पिशवी घेतलीत तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं. बारा वर्षं तुम्हाला ठाऊक होतं. आणि मी काय केलं? हात धरून माफी मागायची सोडून परक्या माणसासमोर ओरडलो, “माझ्यावर चोरीचा आळ घेता? एवढ्यासाठी बोलावलं व्हय मला हितं?” तुम्ही “अवो पाव्हणं, अवो ऐका” म्हणत मागं आलात. मी किक मारली आणि निघालो. रांजणगावच्या पुढं आल्यावर लक्षात आलं, की ते सगळे पाइप घेऊन तुम्ही एकटे एसटीनं दौंडला जाणार.

घरी आल्यावर शोभानं माझं तोंड बघून सगळं काढून घेतलं. ती रागावली नाही. ती म्हणाली, “दाजींचं वय काय, तुमचं वय काय? फोन करा.” मी केला नाही. आज करू, उद्या करू. दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी तुमचाच आला. “पाव्हणं, आडवा दांडा चार बोटं लांब झालाय. कापड ताणतंय, शिवण उसवंल. येता का?”

जसं काही झालंच नव्हतं. मी तासाभरात निघालो. तुमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत तंबू अर्धा उभा होता, एका बाजूला कललेला. आपण आडवा दांडा उतरवला, करवतीनं चार बोटं कापला, कानस मारली. दोन्ही उभे दांडे एकाच वेळी धरावे लागतात, एकट्या माणसाचं काम नाही ते. तुम्ही एकीकडं, मी दुसरीकडं, ताई दोर ताणत होती आणि आपल्या दोघांनाही शिव्या घालत होती. तंबू ताठ उभा राहिला. बारा वर्षांनी. तुम्ही आत गेलात, कापडाला नाक लावलंत आणि म्हणालात, “त्योच वास.”

आत बसून चहा घेतला. तुम्ही भिगवणचा बेत सांगायला लागलात. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आलेत, काठाला तंबू टाकू, दोघींना होडीतून फिरवू. मी ऐकत होतो, पण माझं मन दुसरीकडं होतं. मी म्हणालो, “पाव्हणं, त्या दिवशी शिक्रापुरात मी...”

“चहा गार व्हतोय,” तुम्ही म्हणालात.

“न्हाई, पण ते दांडं...”

“दांडं झक्कास झाल्यात. चहा प्या.”

आणि मी प्यायलो. तेव्हा वाटलं, सुटलो. तुम्ही किती मोठ्या मनाचे, असंही वाटलं. पण पाव्हणं, या एका बाबतीत माझं तुमच्याशी भांडण आहे आणि ते आता मिटायचं नाही. तुम्ही मला बोलू द्यायला पाहिजे होतं. माझी लाज वाचवलीत, कबूल. पण माझ्या पोटात ते तसंच राहिलं त्याचं काय? माफ करणाऱ्याला दोन मिनिटं ऐकून घ्यायला काय होतं? चहा काय, दुसरा झाला असता.

त्यानंतर आठवडाही गेला नाही. सकाळी ताईचा फोन आला. तिनं एवढंच म्हटलं, “भाऊजी, या.” पुढचं सगळं लोकांना माहीत आहे, ते इथं लिहीत नाही. भीमेच्या घाटावर मी माणसांना पाणी देत होतो, गाड्या लावत होतो, कामात होतो. कंपनीतली माणसं रांगेनं आली. एक जण मला म्हणाला, “तुम्हीच का ते, दांडे हरवलेले पाव्हणे?” तुम्ही प्लँटमध्येही सांगत होतात तर! तो मान खाली घालून म्हणाला, “साहेब तुमचं लई सांगायचे. म्हणायचे, शिफ्टमध्ये झोप यायला लागली की मी पाव्हण्याचा विचार करतो आन् हसतो.” मला तिथं रडू आलं. तोवर आलं नव्हतं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. ताई झोपेना. दिवसा नाही, रात्री नाही. शोभा तिच्याजवळ राहिली होती, तिनं सांगितलं की ताई नुसती भिंतीला टेकून बसते. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या तिनं उशीखाली ठेवल्या. मग गेल्या आठवड्यात तीच म्हणाली, “मला भिगवणला न्या.”

शोभा घाबरली. “अगं, महिना झाला न्हाई अजून नीट. माणसं बोलत्याल.”

“बोलू दे. सगळं तेच ठरवून गेल्यात. होडीवाल्याचा नंबर लिहून ठेवलाय कॅलेंडरवर.”

आम्ही तिघं सकाळी जीप करून निघालो. पाण्याच्या काठाला, बाभळीच्या अलीकडं, मी सामान उतरवलं. दांडे जोडले आणि उभा राहिलो. दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. मी काही बोलायच्या आत ताईनं पदर खोचला आणि दुसरा दांडा उचलला. म्हणाली, “दार वाऱ्याकडं करायचं न्हाई. फिरवा तिकडं.” तुमचंच वाक्य, तुमच्याच सुरात. शोभानं दोर ताणले. मी चरही खणली. कुणी सांगितलं नव्हतं.

तंबू उभा राहिल्यावर मी दांड्याला धरूनच ताईला म्हणालो, “ताई, जुने दांडे त्यांनी हरवले नव्हते. मी नेले होते. डाळिंबाला.”

ती पाण्याकडं बघत होती. लांब उथळ पाण्यात पक्षी उभे होते, पांढरे, जरासे गुलाबी. ती म्हणाली, “मला म्हाईत हाय. त्या साली गणपतीवरनं घरी आलो तवाच सांगितलं त्यांनी. मी म्हणलं, विचारा की त्यास्नी तोंडावर. तर म्हणले, न्हाई, त्याचा बहार लई दिसांनी आलाय, त्याला खाली बघाय लावायचं न्हाई.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “मला कशापायी सांगता, भाऊजी? सांगायचं तर त्यांना सांगा.”

तर सांगतो. पाव्हणं, दांडे मी नेले. विचारलं नाही, परत ठेवले नाहीत, आणि वर तुमच्यावर ढकललं. शिक्रापुरात तुम्ही हसत विचारलंत तेव्हाही खोटं बोललो आणि तुम्हाला रस्त्यावर सोडून आलो. चुकलो. चहा गार होऊ दे.

ताई आत गेली. सतरंजीवर बसली, मग जरा टेकली. शोभानं डबा उघडला आणि तिला हाक मारायला वाकली, तर तिनं मला हातानं खुणावलं. ताईला झोप लागली होती. तोंड उघडं, हात डोक्याखाली, अगदी गाढ. वारा सुटला होता आणि पाण्याकडची खुंटी त्या भुसभुशीत मातीत धरत नव्हती; कापड फडफडायला लागलं. ठोकावी तर आवाज होणार. मी खुंटी काढून बाजूला ठेवली, दोर मनगटाला वेढा देऊन घट्ट धरला आणि खाली बसलो. शोभानं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला. बाभळीची सावली आमच्यावरून सरकून पार पलीकडं गेली, होडीवाला येऊन हात करून परत गेला. ताई उठेपर्यंत मी दोर सोडला नाही.